धाकटीची चाकं

तारमास्तर हे नाव त्यांना सायकलच्या कारखान्यात पडलं. तिथे ते चाकं बांधायचे. मोकळी रिम, मधला हब आणि मूठभर तारा समोर आल्या की पाऊण तासात चाक उभं राहायचं. मग ते मांडीवर आडवं घेऊन मास्तर एकेक तार नखाने छेडायचे. घट्ट तार किणकिणायची, सैल तार भद्द बोलायची. भद्द बोलली की चावीने अर्धा आटा आवळायचा आणि पुन्हा ऐकायचं. छत्तीसच्या छत्तीस तारा एका सुरात आल्या की चाक पास.

येणारा-जाणारा रोज विचारायचा, "काय मास्तर, तार आली का?"

"आली की," मास्तर मान वर न करता सांगायचे. "तुझी सासू निघालीय. आठ दिवस मुक्काम आहे."

कारखाना बंद पडला तेव्हा मास्तर पन्नाशीला टेकले होते. मग सुट्या भागांच्या एका दुकानापुढे त्यांनी बाकडं टाकलं आणि लोकांच्या चाकांचे आउट, म्हणजे डुगडुगणं, काढून देऊ लागले. इंजिनिअरबाई त्यांना तिथेच पहिल्यांदा भेटल्या.

पाण्याने भरलेला हंडा उचलावा तसं दोन्ही हातांनी एक चाक धरून त्या आल्या. धापा टाकत होत्या. चाकाच्या मधोमध जेवणाच्या ताटाएवढी मोटर होती आणि सात तारा तुटून लोंबत होत्या.

"तीन दुकानांनी हात टेकलेत," त्या म्हणाल्या. "बांधून देतात आणि आठ दिवसांत तारा तुटतात. तुम्ही शेवटचे."

मास्तरांनी चाक फिरवून फिरवून पाहिलं. "बाई, तारांचा दोष नाही. हब एवढा मोठा, म्हणून तार एवढीशी उरलीय. तिला शेजारच्या तारांशी नेहमीसारख्या तीन फुल्या घातल्या की ती रिममध्ये तिरकी शिरते आणि मानेशी मोडते. एकच फुली घालू. आणि तार जाड घेऊ."

"मोडणार नाही?"

"महिन्याने या."

बाई महिन्याने आल्या त्या त्यांना न्यायलाच. शिकवण्या घेत चढावरच्या वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आईचे गुडघे गेले, तेव्हा मोटरच्या कंपनीतली नोकरी सोडून त्या विजेवर चालणाऱ्या सायकलीच्या मागे लागल्या होत्या. आई आता कुठलीच सायकल चालवण्याजोगी राहिली नव्हती. पण बाईंच्या डोक्यातून सायकल काही जात नव्हती.

बंद पडलेल्या एका बेकरीच्या मागच्या खोलीत काम सुरू झालं. बाई, एक वेल्डर आणि मास्तर. भिंतींच्या फटींत अजून पीठ होतं. ड्रिल चालू केलं की ते भुरुभुरु खाली पडायचं आणि तिघंही संध्याकाळी पांढरे होऊन घरी जायचे. सायकलीचं नाव बाईंनी ठेवलं 'झुळूक'.

पहिली झुळूक कुठल्याच अंगाने झुळूक नव्हती. बॅटरी मागच्या कॅरिअरवर पेटीसारखी बांधलेली, वजन एकतीस किलो. रस्त्यावरची पोरं तिला इस्त्री म्हणायची. एकदा पावसात तिचं बटण अडकलं आणि वेल्डरला घेऊन ती थेट कुंपणाच्या झुडपात शिरली. झुडपातूनच तो ओरडत होता, "बाई, हिला ब्रेक नाही, हिला लगाम लावा!" त्यावर बाईंनी ब्रेक दाबताच मोटर बंद पडेल अशी सोय केली. तरी जेमतेम साठ सायकली खपल्या. चाक मात्र एकाही सायकलीचं मोडलं नाही.

दुसरीला दोन वर्षं लागली. बॅटरी नळीच्या आत गेली आणि पायाच्या जोराप्रमाणे मोटर कमी-जास्त साथ देऊ लागली. त्या सायकलीवर बसलं की कुणीतरी पाठीला हात लावून हलकेच पुढे ढकलतंय असं वाटायचं. नर्सेस, टपालवाले, पाव पोचवणारे, सगळे ती घेऊ लागले. कंपनी मोठ्या शेडमध्ये गेली. माणसं साठावर गेली. बाईंचा धाकटा भाऊ विक्री बघायला आला आणि सगळे त्याला भाऊसाहेब म्हणू लागले. तोवर इस्त्री जाऊन मॉडेलांची नवी नावं शेडमध्ये रुळली होती. पहिली थोरली, दुसरी मधली, आणि जिचा आराखडा बाईंच्या टेबलावर होता ती धाकटी.

भाऊसाहेबांच्या नजरेतून मास्तर सुटले नाहीत. चाकाला कान लावून बसलेल्या मास्तरांचा फोटो त्यांनी काढून घेतला आणि जाहिरातीत टाकला. खाली तीनच शब्द होते, 'कानाने तपासलेलं चाक'. दुकानादुकानांत तो फोटो लागला. प्रत्येक सायकलीच्या मागच्या चाकाला मास्तरांच्या सहीचं लहानसं लेबल डकवलं जाऊ लागलं. मास्तर वरवर कुरकुरले, पण त्या रस्त्याने जायचं काम नसलं तरी मुद्दाम तिकडून जायचे आणि दुकानाच्या काचेसमोर चष्मा पुसत उभे राहायचे.

त्यांच्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली ती त्याच सुमारास.

बायकोच्या ते आधी लक्षात आलं. "अहो, किटली कधीची शिट्टी मारतेय. तुम्ही शेजारी बसून पेपर काय वाचताय?"

"लक्ष नव्हतं."

"दाराची घंटा दोनदा वाजली."

"घंटा बिघडलीय."

"घंटा बिघडली, किटली बिघडली, मी बिघडले. तेवढे तुमचे कान शाबूत!" ती हसत म्हणाली, आणि मग हसायची थांबली. "डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

"तू हल्ली हळू बोलतेस," मास्तर म्हणाले आणि विषय संपवला.

खोलवरचे आवाज त्यांना नीट ऐकू यायचे. ट्रक, दार आपटणं, भाऊसाहेबांचं बोलणं. बारीक, वरचे आवाज तेवढे एकेक करून निघून गेले होते. तारेची किणकिण त्यातलीच. कारखान्यातल्या तीस वर्षांच्या पत्र्याच्या खणखणाटाने हे केलं होतं, पण मास्तर तसा विचार करत नव्हते. ते कसलाच विचार करत नव्हते. नखाने तार छेडायचे, बोटाला थरथर जाणवायची आणि ऐकू आलं असं धरून चालायचे. मधलीच्या तारा जाड होत्या. त्यांना बोटांचा अंदाज पुरून गेला. कंपनीत सगळ्यांच्या तब्येतीची तपासणी झाली त्या दिवशी मास्तर रजेवर होते.

मग धाकटी आली. वजन अठरा किलो, एका हाताने जिन्यावरून नेता येईल अशी. वजन उतरवायला बाईंनी तारा छत्तीसच्या अठ्ठावीस केल्या आणि त्याही बारीक घेतल्या.

"या तारा नाहीत, काड्या आहेत," मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी स्वतः दोन चाकं बांधून रोलरवर वजन लादून तीन आठवडे रात्रंदिवस फिरवली होती. एकही तार हलली नव्हती. "बारीक तार जास्त आवळावी लागते मास्तर, आणि सगळ्या सारख्या. तेवढं जमलं तर ती जाड तारेपेक्षाही टिकते. फक्त अंदाजाला जागा नाही." आणि त्यांनी ताण मोजायचा मीटर मास्तरांच्या बाकावर ठेवला. तारेला चिमट्यासारखा लावला की काटा आकडा दाखवायचा. "कानाच्या जोडीला असू दे."

सुटकेची संधी असलीच तर ती ही होती. मीटर उचलला असता तर कुणाला काही कळलं नसतं, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आजूबाजूला दहा-बारा जण उभे होते, आणि मागच्या भिंतीवर तो फोटो.

"गवयाला कुणी फूटपट्टी देतं का?" मास्तर म्हणाले.

शेड हसली. बाईही हसल्या. मीटर खणात गेला.

धाकटीची चाकं बाहेरून, यंत्रावर बांधून यायची. शेवटचा ताण मास्तरांनी द्यायचा, दिवसाला तीस चाकं. बारीक तारेची थरथर बोटांना नीट लागत नव्हती. मास्तर रिम डोळ्यासमोर धरून फिरवायचे. चाक सरळ फिरतंय एवढं दिसायचं. चाक सरळ असूनही सगळ्या तारा सैल असू शकतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते लेबल लावायचे.

पाचव्या महिन्यात पहिली तक्रार आली. मग आठवड्याला दोन-तीन येऊ लागल्या. तार तुटली, चाक डुगडुगतंय. भाऊसाहेब म्हणाले लोक खड्ड्यांतून चालवतात. मास्तर मूग गिळून बसले.

एके सकाळी उतारावरच्या वळणावर एका नर्सच्या धाकटीचं मागचं चाक दुमडलं. ही नर्स घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची. खुब्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुन्हा बिनआधाराची चालेल अशी खात्री डॉक्टर देत नव्हते.

बाहेरचा एक तपासनीस आला. परत आलेली चाकं त्याने लांबलचक टेबलावर मांडली आणि दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून तो म्हणाला, "तारा सैल आहेत. पण मुळात सैल होत्या की वापरून सैल झाल्या, हे आता सांगता यायचं नाही. मुळात नीट आवळलेल्या असतील, तर दोष आराखड्याचा. तारा फार बारीक धरल्या."

बाई वळल्या. त्या दिवसांत त्यांनी धड जेवण घेतलं नव्हतं, चेहरा ओढलेला होता. "मास्तर, तुम्ही एकेक चाक ऐकलंत ना?"

प्रश्न मास्तरांना नीट ऐकू आला. बाईंचा आवाज तसा घोगराच होता.

"ऐकलं," ते म्हणाले.

"मग दोष माझा," बाई म्हणाल्या. "यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काड्या आहेत म्हणून. मी ऐकलं नाही."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांना तो झटकावासा वाटला, पण ते तसेच बसून राहिले.

धाकटी बाजारातून मागे घेतली गेली. दुकानांतून फोटो उतरले. बायको त्या दिवसांत मास्तरांशी तोंडासमोर येऊन बोलू लागली, ओठ दिसतील असं.

मास्तर नर्सला भेटायला गेले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते. ती बहिणीकडे राहत होती, तळमजल्यावरच्या एका खोलीत. खिडकीशी पलंग आणि पलंगाला टेकून चालायचा चौकोनी आधार. बहिणीने खुर्ची दिली. नर्सने त्यांना लगेच ओळखलं आणि काहीतरी म्हणाली. आवाज अशक्त आणि बारीक होता. मास्तरांना नुसते ओठ हलताना दिसले.

"काय म्हणालात?"

ती पुन्हा म्हणाली. मास्तर खुर्ची पुढे ओढून वाकले. "जरा मोठ्याने..."

नर्सने श्वास घेतला आणि ओरडूनच सांगितलं, "तुमचा फोटो बघून घेतली मी सायकल! बहिणीला म्हटलं, यंत्राचं काय सांगावं, पण इथे निदान एक जाणता माणूस कान लावून बघतोय!"

मग ती दमून उशीला टेकली. बहीण पाणी आणायला आत गेली. "बऱ्या व्हा," एवढंच बोलून मास्तर उठले, आणि बाहेर आल्यावर घराचा रस्ता विसरल्यासारखे बराच वेळ उलट्या दिशेला चालत राहिले.

सहा महिन्यांत कंपनी बसली. मधली अजून बरी चालली असती, पण झुळूक म्हटलं की लोकांना ते दुमडलेलं चाक आठवायचं. एका मोठ्या कंपनीने नाव आणि आराखडे विकत घेतले, माणसं नाही घेतली. शेवटच्या दिवशी शेडमधली बाकं बाहेर काढली जात होती. बाई एका खोक्यावर बसून कागद फाडत होत्या. मास्तर निरोप घ्यायला गेले.

"मला एकच लागून राहिलंय मास्तर," बाई म्हणाल्या. "हिशोबाचे कागद मी दहादा तपासले. चूक कुठे झाली ते अजून सापडत नाही. तेवढ्या ताणाला त्या तारा तुटायलाच नको होत्या. माझं शिक्षणच खोटं की काय असं वाटतं."

मास्तर खाली बसले, जमिनीवरच. "तुमची चूक नाही. तारांना तो ताण मिळालाच नाही. मला ऐकू येत नाही बाई. मधली निघाली तेव्हापासूनच येत नाही."

बाईंचे हात थांबले. "त्या दिवशी मी विचारलं होतं."

"हो."

"सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुम्ही ऐकलं म्हणालात."

"हो."

"एकदा नुसतं माझ्या कानावर घालायचं होतंत. मी तुम्हाला काढून टाकलं असतं असं वाटलं तुम्हाला? अहो, मीटर तुमच्या खणात होता!" आवाज चढला, मग फाटला. "ती बाई जन्माची अधू झाली. आणि मी सहा महिने स्वतःला..." त्यांनी खोका उचलला आणि त्या गेल्या. मास्तरांना उठायला वेल्डरने हात दिला. त्याने सगळं ऐकलं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कानांचं मला माहीत होतं. मी धरून न्यायला हवं होतं तुम्हाला." मग तिने पदराने डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यातून माणसांचं बोलणं कळू लागलं, पण सगळं पत्र्यावर वाजवल्यासारखं. तारेचा सूर त्यातून ओळखता येत नाही, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी तपासून पाहिलं.

वर्षभराने नव्या कंपनीने धाकटी पुन्हा बाजारात आणली. रंग वेगळा आणि बॅटरी मोठी, पण तारा अठ्ठावीसच होत्या, तेवढ्याच बारीक. मास्तर वाट बघत राहिले. एकही चाक मोडल्याचं कानावर आलं नाही.

त्यानंतर एके दुपारी बाई दारात उभ्या राहिल्या. आता त्या कुठल्याशा कॉलेजात शिकवत होत्या. मास्तरांच्या बायकोने आत बोलावलं, तरी त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"बसायला आले नाहीये," त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी कागद काढले आणि त्यावर मीटर ठेवला. "जुन्या धाकट्यांपैकी एकशे तीन परतच आल्या नाहीत. लोक वापरतायत. नवी कंपनी म्हणते जुन्याशी आमचा संबंध नाही. हे पत्ते आहेत."

"मी करतो," मास्तर म्हणाले.

"आकडा मागच्या पानावर लिहिलाय. त्याच्या खाली काटा असेल तर आवळा. आणि प्रत्येकाच्या पुढे लिहून ठेवा, मला दाखवायला." जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर त्या थांबल्यासारख्या वाटल्या. पण पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन त्या खाली गेल्या.

यादी हातात आली तरी मास्तर पहिल्यांदा नर्सकडे गेले. तिची सायकल केव्हाच भंगारात गेली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कानांचं, लेबलाचं, त्या दिवशी न बोलता परतल्याचं. आता ती आधार घेऊन खोलीतल्या खोलीत चालत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग आता मी काय करू म्हणता?" तिने विचारलं. "सोडून दिलं म्हणू? नाही म्हणवत मला."

"नका म्हणू," मास्तर म्हणाले.

"दार ओढून घ्या जाताना. वारा येतो."

मग रोज सकाळी मीटर, चावी आणि यादी पिशवीत टाकून मास्तर निघायचे. कुठे जिन्याखाली, कुठे अंगणात, कुठे दुकानाच्या मागे ते सायकल उलटी करून बसायचे. तारेला मीटर लावायचा, काटा बघायचा, आवळायचं. एका सायकलीला दोन तास लागत. आपण कोण हे ते आधीच सांगून टाकायचे. काहींनी चहा दिला, काहींनी शिव्या दिल्या. एका पाववाल्याने सायकलीला हातच लावू दिला नाही आणि स्वतः मीटर घेऊन कसं मोजायचं ते शिकून घेतलं. जवळजवळ प्रत्येक चाक सैल निघालं. दोन चाकं अशी होती की मास्तरांनी ती सायकलवरून उतरवली आणि मालकाच्या समोर तारा कापून टाकल्या.

पाऊण वर्षात ब्याण्णव पत्ते झाले. बाईंना त्यांनी यादी पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही. ते येईल असं मास्तरांनी धरलंही नव्हतं. उरलेल्या अकरा घरांतली माणसं जागा सोडून गेली होती, किंवा सायकल पुढे विकून मोकळी झाली होती. कुणाला, ते त्यांना आठवत नव्हतं. त्या अकरा पत्त्यांवर मास्तर दोन-दोनदा, तीन-तीनदा जाऊन आले. शेजाऱ्यांना विचारलं, दुकानदारांना विचारलं. चढावर, बाजारात, शाळा सुटते तिथे उभं राहून जाणाऱ्या प्रत्येक झुळूकचं मागचं चाक ते निरखत असतात. बायको बरोबर असली तर तीही बघते. ती अकरा चाकं अजून सापडलेली नाहीत.